टांग्र्यातली हॉटेलं आधी टॅनऱ्या होती : कोलकात्याच्या चिनी लोकांचे कामधंदे

पंचगंगाकाठ

परवा भाचीच्या वाढदिवसाला राजारामपुरीत जेवायला गेलो होतो. मेनूकार्डावर 'हक्का नूडल्स' बघून तिने विचारलं, "मामा, हक्का म्हणजे काय? मसाला असतो का?" मी म्हटलं, नाही गं, माणसं असतात. मग तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितोय.

मी १९९२ ते २००४ कोलकात्यात होतो. टॅनऱ्यांना, म्हणजे कातडं कमावायच्या कारखान्यांना, रसायनं विकायची नोकरी. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे कातडं कमावण्याची थोडी ओळख होती. पण आमच्याकडे हिरडा, बाभळीची साल, चुना यावर काम चालतं. क्रोममध्ये (क्रोमियमच्या क्षारात) कमावलेलं निळंशार ओलं कातडं मी पहिल्यांदा पाहिलं ते टांग्र्यात, आणि ते दाखवणारी माणसं हक्का होती. हक्का या शब्दाचा अर्थच मुळी 'पाहुणी घरं'. चीनच्या उत्तरेकडून शेकडो वर्षांत सरकत सरकत दक्षिणेत आलेले म्हणून तिथल्या जुन्या रहिवाशांनी दिलेलं नाव. कोलकात्यातले बहुतेक हक्का ग्वांगडोंग प्रांतातल्या मेइश्येन भागातले.

आपल्याला चिनी माणूस म्हटलं की कढई आणि नूडल्स आठवतात. कोलकात्यात मात्र हॉटेल हा धंदा शेवटी आला. त्याआधी कोण कुठल्या गावचा, कुठली बोली बोलणारा, यावर त्याचं काम ठरायचं. कँटनकडचे सुतार. हुबेई प्रांतातले दातांचे डॉक्टर. शांघायकडच्यांची लॉन्ड्री. हक्का लोकांकडे चामडं : बेंटिंक स्ट्रीटवर बुटांची दुकानं आणि टांग्र्यात टॅनऱ्या. यात काही चमत्कार नाही. आधी आलेला काका किंवा मामा ज्या धंद्यात, त्यातच नव्याने आलेला पोरगा लागणार. मुंबईत घाटावरून आलेला माणूस गिरणीत ज्या खात्यात लागायचा, तिथेच त्याच्या गावची पाच माणसं आधी असायची ना, तसंच.

टांग्रा शहराच्या पूर्वेला. १९१०च्या आसपास पहिले हक्का तिथे गेले तेव्हा सगळी दलदल होती. पाणी भरपूर, जमीन स्वस्त, आणि वासाबद्दल तक्रार करायला शेजारी नाहीत. दोन्ही महायुद्धांत बुटांची मागणी वाढली तसा धंदाही वाढला. मी गेलो तेव्हा लहानमोठ्या मिळून तीनशेच्या घरात टॅनऱ्या होत्या. त्यातल्या निम्म्यांकडे स्वतःची सगळी यंत्रंसुद्धा नव्हती. कातडं चिरायचं, तासायचं यंत्र मोठ्या टॅनरीत असायचं आणि छोटा माणूस आपला माल हातगाडीवर घालून तिथे न्यायचा, तासाच्या हिशोबाने भाडं द्यायचा. म्हणजे चार ड्रम (कातडं रसायनात घोळवायचे फिरते पिंप) आणि एक शेड असली की माणूस टॅनरीचा मालक. भांडवल भिशीतून. हो, अगदी आपल्यासारखी भिशी. फक्त चिठ्ठी टाकायच्या ऐवजी बोली लावायची. ज्याला गरज जास्त तो कमी रक्कम घेऊन आधी उचलणार.

माझ्या एका गिऱ्हाईक बाई होत्या. सगळे त्यांना आंटी म्हणायचे, मीही म्हणायचो. मला त्या 'केमिकलबाबू' म्हणायच्या. वय साठीच्या पुढे, अंगात फुलाफुलांची सैल विजार आणि सदरा, बोलणं कलकत्ता हिंदीत. ड्रम थांबला की एक कातडं ओढून घ्यायच्या, मानेजवळच्या जाड भागातून बोटभर पट्टी कापायच्या आणि कापलेली कड उजेडात धरायच्या. मधोमध फिकट रेघ दिसली तर क्रोम आतपर्यंत गेलेलं नाही. रेघ नसली तर पुढची परीक्षा. पट्टी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, मग तीच पट्टी उकळत्या पाण्यात टाकायची. दोन-तीन मिनिटांनी काढून परत त्या रेघेवर ठेवायची. तंतोतंत बसली तर माल कमावला गेला. आक्रसली तर ड्रम परत चालू. माझ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत यासाठी तापमापक लावलेलं उपकरण होतं. आंटींचा निकाल आणि उपकरणाचा निकाल मी कधी वेगळा आलेला पाहिला नाही.

त्यांच्याकडे तयार चामड्याच्या नमुन्यांची एक वही होती. प्रत्येक पानावर तळहाताएवढा तुकडा, खाली चिनी अक्षरांत पेन्सिलने काहीतरी. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला रंग, कोणतं रसायन किती, ते सगळं त्यात.

१९ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. टांग्रा, तिलजला, तोपसिया, पागलाडांगा इथल्या सुमारे साडेपाचशे टॅनऱ्या शहराबाहेर बानतल्याला हलवा. बानतल्याचं संकुल नीट उभं राहायला २००५ उजाडलं. मधल्या वर्षांत ज्यांच्याकडे पैसा होता ते टिकले. बाकीच्यांनी ड्रम मोडीत काढले, जमिनीला फरशी बसवली आणि टेबलं मांडली. आज लोक टांग्र्याला 'चायनाटाऊन'मध्ये जेवायला जातात, ती बरीच हॉटेलं ही अशी.

अजून बरंच आहे. कोणी त्या भागात राहिलेलं असेल तर भर घाला.

ऋजुता_स

फार सुंदर लिहिलंय. त्या पट्टीच्या परीक्षेसाठी तरी हा धागा निवडक दहात टाकतेय.
एक प्रश्न. परदेशातून आलेल्या माणसाने चामडंच का धरावं? आपल्याकडे जातीने बांधलेलं काम, त्यात यांना जागा कशी मिळाली?

पंचगंगाकाठ

ऋजुता, जागा मिळाली ती त्यामुळेच. जी हिंदू घरं भांडवल घालू शकत होती ती चामड्याला हात लावायला तयार नव्हती, आणि जे पिढ्यानपिढ्या हे काम करत होते त्यांच्याकडे भांडवल येऊ दिलं गेलं नव्हतं. हक्का माणसाला विटाळाची भानगड नव्हती. कच्ची कातडी मुस्लिम व्यापाऱ्यांकडून यायची, तयार माल बऱ्याचदा पंजाबी व्यापारी उचलायचे. चुन्याच्या हौदात उतरणारे मात्र बिहारमधून आलेले चर्मकार समाजाचे मजूर. मालक बदलला, हौदातला माणूस तोच राहिला. हे मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं.

मुक्काम_शिबपूर

चाळीस वर्षं हावड्यात आहे, त्यामुळे राहवलं नाही.

सुरुवात टांग्र्यापासून नाही, अछिपूरपासून करा. बजबजच्या पुढे हुगळीच्या काठावर. अठराव्या शतकाच्या शेवटी टोंग अच्यू नावाचा चिनी व्यापारी इथे आला, वॉरन हेस्टिंग्जने त्याला जमीन दिली. साडेसहाशे बिघे, वर्षाचं भाडं ४५ रुपये असं सांगतात. त्याने ऊस लावला, साखर कारखाना काढला आणि चीनमधून कामगार आणले. म्हणजे बंगालमधल्या चिनी माणसाचा पहिला धंदा साखर! तो फार वर्षं जगला नाही, कारखाना बुडाला, कामगार कलकत्त्याला पांगले. गावाचं नाव मात्र त्याच्यावरून पडलं ते राहिलं. नदीकाठी त्याची घोड्याच्या नालेच्या आकाराची लाल समाधी आहे. चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्यातली कुटुंबं बस करून तिथे येतात, उदबत्त्या लावतात. मी दोनदा गेलोय. म्हातारी माणसं नदीकडे पाठ करून समाधीसमोर उभी राहतात आणि नातवंडं मागे फोटो काढत असतात.

कँटनच्या सुतारांबद्दल. खिदिरपूरच्या गोदीत जहाजांचं आतलं लाकूडकाम यांच्याकडे असायचं. आमच्या घरमालकांकडे बहूबाजारात बनवलेलं सागवानी कपाट आहे, चिनी मिस्त्रीच्या हातचं. खिळा एक नाही. पावसाळ्यात शिबपूरची सगळी दारं फुगतात, त्याचं दार फुगत नाही.

आणि हातरिक्षा! कोलकात्याच्या त्या माणसाने ओढायच्या रिक्षाही आधी चिनी व्यापाऱ्यांनीच माल वाहायला वापरल्या. १९१४मध्ये त्यांनी प्रवासी नेण्याची परवानगी मागितली. नंतर ओढणारे झाले बिहारी.

डॉ_वसुधा

दातांचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मी दंतवैद्य, आता निवृत्त, मुंबई.

माझ्या आजोबांची कवळी १९५०च्या दशकात एका चिनी दंतवैद्याने केलेली होती. आजोबा ती रात्री पितळेच्या फुलपात्रात ठेवायचे. मी शिकत असताना एकदा ती हातात घेऊन नीट पाहिली. आतल्या बाजूला टाळूच्या वळ्या इतक्या बारीक उतरवल्या होत्या, की आमच्या वर्गात कुणाला ते जमलं नसतं. यंत्र नाही, सगळं मेणावर हाताने कोरलेलं.

हुबेईचे हे लोक आधी कागदी फुलं विकत गावोगाव फिरायचे. दात काढणं, कवळ्या बसवणं ही त्यांची घराण्याची विद्या, बापाकडून मुलाकडे. १९४८मध्ये दंतवैद्य कायदा आला तेव्हा पदवी नसलेल्या पण आधीपासून काम करणाऱ्यांना नोंदवहीच्या 'ब' भागात जागा मिळाली. आमच्या काही प्राध्यापकांना तो 'ब' भाग म्हणजे भोंदूंची यादी वाटायचा. मला हे कधीच पटलं नाही. भोंदू होते, नाही असं नाही. पण कवळी बसते की नाही हे पेशंटच्या तोंडात कळतं, आणि आजोबांनी त्या कवळीने ऊस खाल्लेला मी पाहिला आहे. पुढच्या पिढ्यांनी रीतसर बीडीएस केलं. माझ्या बॅचलाही एक मुलगी होती, तिच्या घरातली तिसरी पिढी दातांत.

मुंबईत चिनी वस्ती कोलकात्यापेक्षा कितीतरी लहान. माझगावात १९१९चं त्यांचं देऊळ अजून आहे, ते गोदीवर येणाऱ्या कँटनच्या खलाशांचं.

खादाडखाऊ

आणि मुंबईचं 'चिकन मंचुरियन' विसरू नका! नेल्सन वांग कोलकात्यात जन्मलेले. १९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या रसोईत त्यांनी ते पहिल्यांदा केलं : आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. पुढे केम्प्स कॉर्नरला 'चायना गार्डन' काढलं. आज जळगावच्या गाडीवर जे कोबीचं मंचुरियन मिळतं त्याची आजी ही अशी चर्चगेटची.

तटस्थ_वाचक

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकते. न्यायालयाचा निकाल तुम्ही असा मांडलाय, की जणू एका कष्टाळू समाजावर घाला पडला. मी पर्यावरण अभियंता आहे. त्या टॅनऱ्यांचं क्रोमियमचं पाणी थेट उघड्या नाल्यात आणि तिथून पूर्व कोलकात्याच्या पाणथळीकडे जायचं. शहराचं सांडपाणी वापरून तिथे मासे वाढवतात, भाजी पिकवतात. २००२मध्ये ती पाणथळ रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली. ते मासे, ती भाजी कोण खातं? गरीब माणूस. चुन्याच्या हौदात अनवाणी उतरणाऱ्या मजुराच्या पायांबद्दल तुम्ही प्रश्न आल्यावर लिहिलंत, आधी नाही.

पंचगंगाकाठ

तटस्थ, तुमचं म्हणणं मान्य आहे. मी ते पाणी रोज ओलांडून जायचो, त्याचा रंग मला माहीत आहे. ते क्रोम माझ्याच कंपनीचं होतं. निकाल चुकीचा होता असं मी म्हणत नाही.

माझं दुखणं निराळं आहे. निकालात हलवायचं होतं, बंद करायचं नव्हतं. पण हलवायचं म्हणजे जागेचे पैसे भरायचे, नवीन शेड, नवीन ड्रम, आणि यंत्र भाड्याने देणारा शेजारी तिथे मिळेल याची खात्री नाही. टांग्र्यातला छोटा टॅनर एकटा टॅनर नव्हताच. शेजारचं यंत्र, समोरची भिशी, कोपऱ्यावरचा कच्च्या कातड्याचा दलाल, हे सगळं मिळून त्याची टॅनरी. ते सगळं एका गल्लीत होतं म्हणून चार ड्रमवाला जगायचा. बानतल्याला एकट्याने जाऊन त्याला काय उपयोग? आणि हौदातल्या मजुराला तर कुणी विचारलंच नाही. काही बानतल्याला सायकलने जायला लागले, बरेच गावी परतले.

तटस्थ_वाचक

हे पटलं. छोट्यांसाठी सामायिक यंत्रशाळा आधी उभी करायला हवी होती. आपल्याकडे इचलकरंजी आणि सोलापूरच्या प्रोसेस कारखान्यांच्या पाण्याबद्दल बोलतानाही छोट्याचं काय हा प्रश्न शेवटी येतो.

जुनी_पाने

१९६२ शिवाय या धाग्याला अर्थ नाही, म्हणून थोडं लिहितो.

भारत-चीन युद्ध झालं महिनाभर, २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर. पण त्याने धंद्यांची घडी कायमची विस्कटली. आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून रेल्वेने राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यात म्हातारी माणसं, तान्ही पोरं, इथेच जन्मलेले, आई खासी किंवा नेपाळी असलेले, सगळे. शेवटचे लोक १९६७मध्ये सुटले. देवळी हे नाव मराठी माणसाला वेगळ्या संदर्भात माहीत असेल : १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी श्रीपाद अमृत डांगे यांना तिथेच डांबलं होतं. इंग्रजांनी राजकीय कैद्यांसाठी वापरलेली जागा आपण चहामळ्यातल्या सुतारांसाठी वापरली. मला हे वाचताना दरवेळी लाज वाटते.

कोलकात्यात धरपकड त्या मानाने कमी, पण निर्बंध सगळ्यांवर. शहराबाहेर जायचं तर पोलिसांची परवानगी. बँक ऑफ चायनाच्या कोलकाता आणि मुंबईच्या शाखा सरकारने बंद केल्या, त्यात ठेवी अडकल्या. गोदीतल्या सुतारांची कामं गेली. मुक्काम_शिबपूर यांनी सांगितलेलं खिदिरपूरचं लाकूडकाम तिथेच संपलं. दुसऱ्याकडे नोकरी मिळेना, तेव्हा स्वतःच्या घरात जे करता येईल तेवढंच उरलं : टॅनरी, बूट, सॉस, खानावळ, पार्लर. त्या काळात पंधरा-वीस हजारांच्या घरात असलेला समाज आता काही हजारांवर आलाय.

मीनल_के

पार्लर! मी त्याचीच वाट बघत होते. माझं लग्न १९८४मध्ये कोलकात्यात झालं, वडील तिथे रेल्वेत होते. मला नवरी म्हणून सजवलं चिनी बाईने. शाळेत चिनी मैत्रीण होती, तिच्या आईचं दोन खुर्च्यांचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत स्वयंपाक, मध्ये पडदा. आई केस कापता कापता पडद्याआडच्या भाताकडे लक्ष ठेवायची. अंबाडा त्यांनी घातला, पण नथ त्यांना घालता येईना. तेव्हा माझ्या आत्याने ती घातली आणि त्या बाईंनी आत्याचा हात धरून तिच्याकडून दोनदा करून घेतलं, पुढच्या मराठी नवरीसाठी शिकून ठेवते म्हणाल्या.
मैत्रीण १९९०मध्ये कॅनडाला गेली. आता संपर्क नाही.

स्कारबरोकर

टोरांटोहून. हे वाचून आमच्या कोपऱ्यावरच्या 'हक्का' पाटीचा अर्थ वीस वर्षांनी लागला.

इथे स्कारबरो, मार्कमला 'हक्का चायनीज' लिहिलेली भरपूर हॉटेलं आहेत आणि त्यांचा मालक बहुतेक वेळा कोलकात्याचा निघतो. आमच्या नेहमीच्या ठिकाणी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा इंग्रजीत ऑर्डर दिली. काउंटरवरच्या काकांनी माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "तीखा कितना? घर जैसा?" त्यांचे वडील बेंटिंक स्ट्रीटला बूट शिवायचे. काका स्वतः टॅनरीत वाढलेले. इथे आल्यावर आधी कारखान्यात रात्रपाळी केली, मग हॉटेल. दोन्ही मुलं हिशेबनीस, हॉटेलात पाऊल टाकत नाहीत. काका म्हणतात, बरंच झालं.

पण गंमत अशी, की इथल्या चीनमधून आलेल्या लोकांना यांचं जेवण चिनी वाटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी गर्दी आपल्या लोकांची : गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी, बांगलादेशी, मराठी. तीन पिढ्यांनी तीन धंदे बदलले, गिऱ्हाईक मात्र तेच.

ऋजुता_स

स्कारबरोकर, 'घर जैसा' वाचून डोळ्यांत पाणी आलं.
पंचगंगाकाठ, आंटींचं पुढे काय झालं? आणि त्यांची टॅनरी?

पंचगंगाकाठ

सांगतो.

आंटी बानतल्याला गेल्या नाहीत. २००१मध्ये मुलाने टोरांटोला बोलावून घेतलं. टॅनरी पुतण्याला दिली. जाताना माझ्या कंपनीची बाकी होती, ती त्यांनी भिशी उचलून फेडली. मी म्हटलं होतं, आंटी, वर कुणी विचारणार नाही, धंदाच बंद झालाय. त्या म्हणाल्या, "बाबू, तुम पूछने आएगा ना."

२०१९मध्ये लेकीला घेऊन कोलकात्याला गेलो तेव्हा टांग्र्यात गेलो. मठेश्वरतला रोडवरच्या चिनी कालीबाडीवरून आत वळलो. त्या काली मंदिरात प्रसादाला नूडल्स असतात, लेकीला तेच दाखवायचं होतं. आंटींच्या शेडमध्ये आता पुतण्याचं हॉटेल आहे. छप्पर तेच, उंच, लोखंडी कैच्यांचं. ड्रम जिथे होते त्या चौथऱ्यावर फॅमिली सेक्शन. वॉशबेसिनखाली एक रुंद दगडी गटार आहे, हात धुवायच्या बेसिनला एवढं गटार कशाला असा प्रश्न पडावा. ते चुन्याच्या पाण्याचं. पुतण्याने ओळखलं. चिली चिकनचे पैसे घेतले नाहीत.

निघताना त्याने गल्ल्याखालून ती नमुन्यांची वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, आमच्यात आता हे वाचणारं कुणी नाही, तुम्हाला निदान चामडं कळतं. मला चिनी वाचता येत नाही. पण पानं उलटताना एका तुकड्याखाली इंग्रजी आकड्यांत माझ्या कंपनीच्या एका रंगाचा नंबर सापडला, आणि पुढे पेन्सिलने काढलेली फुलीसारखी खूण. तो रंग पहिल्याच वर्षी फिका पडतो म्हणून त्यांनी परत केला होता, ते मला आठवलं.

वही सात वर्षं इथे कपाटात आहे. आंटी असतील तर नव्वदीच्या पुढे असतील. स्कारबरोकर, तुम्हाला विपू (विचारपुशीत निरोप) केली आहे. मुलाचं नाव आणि जुना पत्ता त्यात लिहिलाय. तुमच्या त्या काकांना विचाराल का?

मीनल_के

माझीही एक विपू बघा स्कारबरोकर, मैत्रिणीचं नाव लिहिलंय.

स्कारबरोकर

दोन्ही विपू मिळाल्या. काकांकडे शुक्रवारी जातोच आहे. डिसेंबरात पुण्याला येतोय तीन आठवडे, कोल्हापूरला एक दिवस काढतो. वहीचे फोटो पाठवू नका, वहीच द्या.